36 फुटी रीफर: चार ठोकळ्यांचं कोडं सुटलं

मंडळी, सुटलं! तळाच्या फळीवर कोणता ठोकळा कुठे बसतो ते आता नक्की झालंय. सूचनापत्रक कधीच हाती आलं नाही तरी ही रीफर, म्हणजे बर्फाने थंड ठेवायच्या मालडब्याची लाकडी प्रतिकृती, माझ्या मॉडेल रेल्वेच्या रुळावर उभी राहणार. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा ग्लू न लावता जुळवलेल्या गाडीचा कपलर (डबे जोडणारी आकडी) उंची तपासायच्या गेजपेक्षा तब्बल दीड मिमी वर जात होता आणि काम तिथेच अडलं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ओहायोतल्या एका स्वॅप मीटमध्ये मिळालेलं एचओचं, म्हणजे 1:87 प्रमाणाचं, जुनं लाकडी किट. लेबल अर्धं फाटलेलं, आत ना पत्रक ना आराखडा. रंधून तयार केलेलं छत, तळाची फळी, टोकांचे दोन ठोकळे, रेघांची साइडिंग (बाजूच्या भिंतींची पातळ फळी), ओतीव धातूच्या भागांची पुडी आणि पट्ट्यांची एक जुडी, एवढंच.

आता त्या कोड्याकडे. जुडीत फळीच्या रुंदीएवढे चार आडवे ठोकळे होते. दोघांची जाडी साडेचार मिमी, उरलेल्या दोघांची तीन मिमी. त्यातले दोन बोल्स्टर, म्हणजे ज्यांना ट्रक (चाकांचे गाडे) स्क्रूने अडकतात ते. उरलेले दोन नीडल बीम, ज्यांच्यावरचे क्वीन पोस्ट (छोटे खांब) ट्रस रॉडना, म्हणजे गाडीखालच्या लांब आधार-सळ्यांना, खाली ताणून धरतात. पण कोणते दोन कुठले? भरीला तळाच्या फळीच्या एका अंगाला दोन्ही टोकांजवळ आडव्या खोबणी आहेत, दीड मिमी खोल. दुसरं अंग अगदी सपाट.

खोबणी वरच्या अंगाला घ्यायच्या, असं मी धरून चाललो होतो आणि त्याला कारणही होतं. खऱ्या रीफरमध्ये दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे असतात. ते मालापासून वेगळे करणाऱ्या आडव्या भिंतीसाठी निर्मात्याने खोबण ठेवली असेल, हे पटण्यासारखं होतं. मग सपाट अंगावर जाड ठोकळे लावले तर कपलर दीड मिमी वर. चाकं मोजली: 33 इंची चाक एचओत 9.6 मिमी भरायला हवं, तेवढंच भरलं. ट्रक बदलून केडी कंपनीचे आर्चबार लावले, फरक शून्य. केडीच्या हाइट गेजवर माझा पूर्ण भरवसा आहे. कपलरचा मध्य रुळापासून साधारण 10 मिमीवर यायला हवा आणि ते गेज त्यात केसभराची सूट देत नाही. म्हणजे दोष फळी आणि ट्रक यांच्या मधेच होता.

मग पातळ ठोकळे बोल्स्टर म्हणून लावले आणि कपलर गेजला तंतोतंत भिडला! ग्लूची बाटली उघडायचा मोह झाला होता. पण तसं केलं तर जाड ठोकळे नीडल बीम होतात. फळीचा तळ रुळापासून 12 मिमीवर. त्यातून साडेचार मिमीचा बीम आणि 4 मिमीचा क्वीन पोस्ट वजा केला की ट्रस रॉड रुळापासून साडेतीन मिमीवर येतो. एचओत साडेतीन मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर अवघा एक फूट! इतकी खाली लोंबणारी गाडी कुठल्या यार्डात चालली असती, हे मला पटेना.

उरलेला पर्याय म्हणजे फळी उलटी करायची. खोबणी खाली, जाड ठोकळे त्यात बसवायचे. दीड मिमी खोबणीत गेलं की बाहेर तीन मिमीच उरतं, म्हणजे कपलर पुन्हा बरोबर! आता दोन्ही मांडण्यांना गेजची मान्यता होती, तेव्हा गेजच्या भरवशावर निवाडा होणं शक्य नव्हतं. लाकडातच काही खूण आहे का ते शोधायला हवं होतं.

ती खूण टॉर्चने दाखवली. ठोकळे टेबलावर ठेवून उजेड जवळजवळ आडवा पाडला, तेव्हा दोन्ही पातळ ठोकळ्यांवर टाचणी टोचल्यासारखे चार-चार बारीक ठिपके उमटले, अंतरं हुबेहूब सारखी. चार ठिपके, चार ट्रस रॉड. जाड ठोकळ्यांवर मधोमध एकेकच ठिपका, ट्रकच्या स्क्रूचा. कारखान्यात कुणीतरी साच्याला लावून केलेल्या त्या खुणा इतकी वर्षं तिथेच होत्या. त्या दिसल्या तेव्हा झालेला आनंद तुम्हाला वेगळा सांगायला नको.

मग सगळं पटापट जुळत गेलं. बोल्स्टर आणि नीडल बीम यांचे तळ एका पातळीत आले आणि रॉड रुळापासून 5 मिमीवर, म्हणजे खऱ्या मापात जवळपास 1 फूट 5 इंचांवर. 1879 मध्ये पहिल्यांदा निघालेल्या ‘कार बिल्डर्स डिक्शनरी’च्या पुढच्या आवृत्त्यांमधले आराखडे उघडून रॉडचा मार्गही ताडून पाहिला: टोकाच्या आडव्या तुळईतून निघतो, बोल्स्टरच्या वरून जातो, नीडल बीमखाली उतरतो आणि मधे टर्नबकल (ताण कमी-जास्त करणारा स्क्रूचा जोड). किटांचे जुने कागद शोधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी ही पुस्तकं पाहा. किट कुणाचंही असो, बनवणाऱ्याने नक्कल खऱ्या गाडीचीच केलेली असते.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट ध्यानात आली. रॉड बोल्स्टरवरून न्यायचा असेल तर ठोकळे चिकटवण्याआधीच त्यांच्यात फळीलगत तिरपी भोकं पाडायला हवीत. नंतर पिन-वाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) तिथे पोचणार नाही. तेव्हा आज बोल्स्टर चिकटवायचा बेत होता तो रद्द, आधी भोकं. फॉस्फर ब्राँझची तार वापरणार होतो, पण या वळणांतून तारेला मुरड पडेल. त्याऐवजी मासेमारीची नायलॉन दोरी. सव्वा इंची खरा रॉड एचओत 0.36 मिमी होतो, त्या जाडीची दोरी सहज मिळते. ती ताठ राहते आणि टिची कंपनीचे टर्नबकल तिच्यात ओवता येतात. नायलॉनवर रंग नीट धरत नाही, म्हणून प्रायमर आधी.

बाकीचं थोडक्यात. साइडिंगला दोन्ही अंगांनी सँडिंग सीलर दिला आणि ती सपाट राहिली. पातळ साइडिंगवर पाण्याचा ग्लू सढळ हाताने लावू नका, ती पिळवटते. एक तुकडा कमी पडला म्हणून एका विक्रेत्याकडून मागवलं तर लव सुटणारं लाकूड आलं. शेवटी जपून ठेवलेला नॉर्थईस्टर्न कंपनीचा तुकडा कामी आला, त्या दर्जाच्या रेघा मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. पुण्याहून ज्यांनी लाकडाबद्दल विचारलं होतं त्यांच्यासाठी: आर्किटेक्चरच्या मुलांच्या दुकानांत मिळणारं बाल्सा यासाठी नको. फार मऊ असतं, कड टिकत नाही. बासवुडच घ्या.

पुडीत ब्रेकचे भाग एबी पद्धतीच्या एअर ब्रेकचे निघाले. माझी मॉडेल लाइन 1926 सालची आणि एबी ब्रेक आला 1933 मध्ये, म्हणून ते बाजूला ठेवले. टिचीचा त्याआधीचा के ब्रेक लावतोय, त्याच्या सिलिंडरची घडण पाहत राहावी इतकी सुरेख आहे. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं-चित्रं) मात्र पिवळी पडून तडकली आहेत. मायक्रोस्केलची लिक्विड डेकल फिल्म एका कोपऱ्यावर लावून पाहिली, तो कोपरा पाण्यात अखंड राहिला, म्हणजे आशा आहे. एका डेअरीची मोठी रंगीत जाहिरात आहे ती. असल्या भाड्याच्या जाहिरात-रीफरच्या विरोधातला अमेरिकेच्या इंटरस्टेट कॉमर्स कमिशनचा निर्णय 1934 मध्ये आला, त्यामुळे 1926 मध्ये ती माझ्या यार्डात हक्काने उभी राहू शकते.

वजन छत बंद करण्याआधीच भरायचं. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या हिशोबाने एक औंस अधिक दर इंचाला अर्धा. गाडी पाच इंची, म्हणजे साडेतीन औंस, सुमारे 100 ग्रॅम. मोटारीच्या चाकांना चिकटवतात त्या वजनपट्ट्या बर्फाच्या कप्प्यांच्या जागी, बरोबर ट्रकवर बसवतोय.

जुडीत अजून चार त्रिकोणी छेदाच्या पट्ट्या उरल्यात, साधारण 15 मिमी लांबीच्या. छतावरच्या बर्फाच्या झाकणांखाली उताराची भर म्हणून असाव्यात असा माझा अंदाज आहे, कारण झाकणंही चारच आहेत. पण छताच्या उताराशी त्यांचा कोन थोडा चुकतो. कुणाच्या जुन्या रीफर किटमध्ये अशा पट्ट्या असतील तर त्या कुठे लावल्या ते कळवा. तोवर मी छत चिकटवत नाही.