आमची वाटचाल : एकाच क्लबचं दुकान

आम्ही फक्त लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबची कार्डं विकतो, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली, संग्रहाची. एखाद्या लॉटमध्ये दुसऱ्या क्लबची आली तर ती ढिगाने काढून टाकतो, त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी एव्हर्टनची जरा आधी. "एका क्लबवर धंदा उभा राहत नाही" असं सांगणारे सुरुवातीला रोज भेटायचे. त्यातले बरेच जण आता या धंद्यात नाहीत, एवढंच नोंदवतो.

कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. जुनं ते माझं, चकाकतं ते भाच्याचं. सिगारेटच्या पाकिटातली कार्डं, ए अँड बीसी या कंपनीची च्युइंगगमच्या पाकिटातली कार्डं, पानिनी कंपनीचे अल्बममध्ये चिकटवायचे जुने स्टिकर माझ्या टेबलावर येतात. क्रोम (धातूसारखी चकाकणारी), रिफ्रॅक्टर (इंद्रधनुषी झाक मारणारी), खेळाडूंच्या सह्यांची आणि नंबर घातलेली, म्हणजे मोजक्याच प्रतींची, कार्डं भाच्याकडे जातात. त्याच्या मते माझं टेबल म्हणजे रद्दीचं दुकान. माझ्या मते त्याचं टेबल म्हणजे शेअर बाजार. दोघांचंही थोडं खरं आहे.

माझी हत्यारं मोजकी आहेत. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, अतिनील प्रकाशाची विजेरी, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर. भिंगाखाली मी आधी खेळाडूचा चेहरा बघतच नाही, नाव बघतो. मूळ छपाईत काळी अक्षरं सलग, भरीव उमटलेली असतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या कार्डात तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची होतात. विजेरीचं काम वेगळं. महायुद्धाआधीच्या कागदात चमक आणणारी रसायनं नसायची, त्यामुळे १९२० च्या दशकातलं म्हणून आलेलं कार्ड अंधारात निळंपांढरं पेटलं तर ते आल्या पावली परत जातं.

बाकीचं काम डोकं करतं. बेल्जियमच्या अँडरलेख्ट क्लबविरुद्धच्या नोव्हेंबर १९६४ च्या सामन्यात लिव्हरपूल पहिल्यांदा डोक्यापासून पायापर्यंत लाल उतरलं, तोवर चड्डी पांढरी असायची. म्हणजे लाल चड्डीचं कार्ड १९६० चं असू शकत नाही. उलट मात्र खरं धरू नका. कंपन्या जुने फोटो वर्षानुवर्षं वापरत, शिवाय रंग हाताने भरत, त्यामुळे पांढरी चड्डी काहीच सिद्ध करत नाही. तसंच पानिनीच्या 'फुटबॉल ७८' अल्बममधला लिव्हरपूलचा केव्हिन कीगन मागणारे अजून येतात. कीगन १९७७ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्गला गेला, त्याच्या जागी डॅल्ग्लिश आला. त्या अल्बममध्ये डॅल्ग्लिश मिळेल. आणि प्लेअर्स या सिगारेट कंपनीच्या १९३० च्या 'असोसिएशन कप विनर्स' मालिकेत आपला क्लब शोधू नका. हा कप, म्हणजे इंग्लंडचा एफए कप, आपण पहिल्यांदा जिंकला १९६५ ला.

आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे एक काका. ते फक्त गोलकीपर गोळा करतात. एलिशा स्कॉट, टॉमी लॉरेन्स, रे क्लेमन्स, ब्रूस ग्रॉबेलार, थेट अ‍ॅलिसनपर्यंत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हिरव्या जर्सीतले आहेत का?" मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. गोलकीपर लाल घालत नाही, म्हणून घाईत वर्गवारी करणारे विक्रेते ही कार्डं भलत्याच डब्यात टाकतात. काका दुसऱ्यांचे असे डबे उपसून माल स्वस्तात काढतात आणि उरलेलं आमच्याकडून घेतात. घासाघीस करत नाहीत, उधारी ठेवत नाहीत, पण प्रत्येक कार्ड स्वतःच्या पट्टीने मोजून त्याची लांबी-रुंदी वहीत लिहितात. या वहीला मी पुष्कळ हसलो आहे. काका ऐकून घ्यायचे आणि पुढची ओळ लिहायचे.

याच वहीने आम्हाला तारलं, आणि ते नीट सांगायलाच हवं, कारण मापं देण्याची सुरुवात कुणी केली याची बाहेर वेगळी गोष्ट फिरते.

कार्डांचे भाव चढले होते तेव्हाची गोष्ट. त्या काळात जुन्या कार्डांचा एक विक्रेता एकदम पुढे आला. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्याच्याकडची ए अँड बीसी कार्डं बघितली की डोळे दिपायचे. पन्नास वर्षं गमच्या पाकिटातून, मुलांच्या खिशातून फिरलेली कार्डं, आणि कडा मात्र ब्लेडसारख्या. आमच्या कार्डांच्या कडा किंचित खडबडीत, कोपरे थोडे दबलेले, कुठे मागे गमचा डाग. लोक दोन्ही शेजारी ठेवायचे आणि त्याचं उचलायचे.

तेवढ्यावर थांबला असता तरी मी गप्प बसलो असतो. त्याने एक व्हिडिओ काढला. आमच्याकडून कुणामार्फत तरी घेतलेलं एक कार्ड खाली, त्यावर स्वतःचं. आमचं दोन बाजूंनी बाहेर डोकावत होतं. निष्कर्ष त्याचा असा, की आमचं कार्ड नंतर छापलेलं, म्हणूनच माप मोठं.

व्हिडिओ पसरला तसा माल परत यायला लागला. आम्ही एकालाही नाही म्हटलं नाही. ज्याने मागितले त्याला पूर्ण पैसे दिले, टपालखर्चासकट, आणि हे करताना कर्जाचे हप्ते चालूच होते. भाच्याने नव्या कार्डांचे न फोडलेले खोके पडत्या भावात विकून टाकले. मी माझ्या घरच्या संग्रहातली कीगनची सुरुवातीच्या वर्षांतली कार्डं विकली, ती आजवर परत मिळालेली नाहीत. "मामा, आता मँचेस्टरचंही ठेवायचं का?" असं भाच्याने विचारलं, यावरून काय वेळ आली होती ते समजा.

मग काका वही घेऊन आले. त्यांच्याकडे त्याच मालिकेतले गोलकीपर होते, आमचं दुकान निघण्याच्या कितीतरी आधी, वेगवेगळ्या लोकांकडून घेतलेले. सगळ्यांची मापं वहीत, तारखेनिशी. ती आमच्या कार्डांशी जुळत होती, कारखान्यातल्या कापणीत पडतो तेवढाच केसभर फरक. काकांनी त्या विक्रेत्याकडचीही काही कार्डं विकत आणली, स्वतःच्या पैशाने. ती सगळी आखूड भरली. त्यांची पांढरी किनार एका बाजूला अरुंद. कार्ड आडवं धरून कड भिंगाखाली घेतली तर जुना कागद आतपर्यंत पिवळसर दिसायला हवा होता, तिथे कडेवर ताजा, फिका काप. म्हणजे मळलेल्या कडा कटरने उडवल्या होत्या. आमची कार्डं मोठी नव्हती, त्याची लहान केलेली होती.

आम्ही सगळी मापं फोटोंसह जाहीर केली. त्याने व्हिडिओ काढून टाकला. माफी नाही, खुलासा नाही. परत आलेल्या मालातला बराचसा ज्यांनी परत केला त्यांनीच पुन्हा घेतला, काहींनी वर सवलतही मागितली. दिली नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

नव्या मालाबद्दल भाचा जे सांगतो तेच लिहितो. क्लब एक असला तरी कंपनी एक राहत नाही. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळीची कार्डं छापण्याचा परवाना २०१९-२० च्या हंगामापासून टॉप्स कंपनीकडून पानिनीकडे गेला, आणि २०२५-२६ पासून पुन्हा टॉप्सकडे आला. मधल्या काळात चॅम्पियन्स लीगची कार्डं मात्र टॉप्सच काढत होतं, म्हणून एकाच हंगामातला सालाह दोन कंपन्यांच्या दोन खोक्यांत सापडतो. लिव्हरपूलचा संग्रह करणाऱ्याने आधी परवाने पाठ करावेत, खेळाडू नंतर. खोकी फोडण्याच्या नादाला लागू नये. खोक्यात वीस क्लब असतात आणि तुम्हाला हवा असतो एक, त्यापेक्षा सुटं कार्ड घ्यावं. सध्याचं साधं कार्ड ३५ पॉइंट जाडीच्या टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या खोळीत) बसतं, जर्सीचा तुकडा घातलेलं कोंबू नये, कोपरा जातो. आधी पातळ स्लीव्ह, मग टॉपलोडर. आणि जुन्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये काही असेल तर आज काढा. ते प्लॅस्टिक घाम सोडतं आणि शाई धरून बसतं. चिकटलं असेल तर ओढू नका, आमच्याकडे घेऊन या, बघण्याचे पैसे घेत नाही.

हल्ली आमच्या प्रत्येक जुन्या कार्डाखाली लांबी, रुंदी, जाडी, वजन आणि कडेचा फोटो असतो. ही पद्धत काकांच्या वहीवरून घेतली आणि तसं तिथे लिहिलंही आहे. तो विक्रेता अजून धंद्यात आहे. काही काळाने त्यानेही मापं द्यायला सुरुवात केली. रकाने तेच, क्रम तोच, कडेचा फोटोसुद्धा डावीकडूनच काढलेला. "पारदर्शकतेची सुरुवात आमच्यापासून" असं वर छापतो. काकांनी त्याच्याकडून नुकताच एक क्लेमन्स घेतला. या वेळी माप बरोबर भरलं, असं वहीत लिहिलं आहे.