रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल होतं

अकरा वर्षांची मुलगी. दोन वर्षं फिट्सच्या गोळ्या चालू, तरी तीनदा कोसळलेली. फाईलमध्ये ईसीजी, इको, ईईजी सगळं नॉर्मल. रक्तातलं कॅल्शियमही ९.४. फाईलमध्ये नसलेली गोष्ट तिच्या आईनं बोलता बोलता सांगितली: दोनदा ती पळत होती, एकदा जोरात दचकली होती.

मी तिला ट्रेडमिलवर घेतलं. सुरुवातीला सगळं सुरळीत. ठोके १२०च्या पुढे गेले तसा मध्येच एखादा जादा ठोका, मग एकाआड एक. आणि मग तोवर मी फक्त पुस्तकात पाहिलेलं चित्र पडद्यावर आलं: एक ठोका वर, पुढचा खाली, परत वर, परत खाली. "काका, तसंच होतंय," ती म्हणाली. पट्टा थांबवून तिला आडवं केलं. सिस्टरांनी शॉक देणारा डिफिब्रिलेटर जवळ ओढला. मी नुसता पडद्याकडे बघत तिचं मनगट धरून उभा होतो. मिनिटाभरात ताल आपणहून जागेवर आला.

सीपीव्हीटी: पळताना किंवा घाबरल्यावर हृदयाचा ताल जीवघेणा बिघडवणारा आजार. वडिलांनी विचारलं, "पण डॉक्टर, कॅल्शियम तर बरोबर आलंय. गोळ्या द्यायच्या का?"

त्यांना कागदावर पेशी काढून दाखवली. हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. ठोक्याच्या वेळी बाहेरून थोडं कॅल्शियम आत येतं आणि त्यानं कोठाराचं दार, म्हणजे रायनोडिन रिसेप्टर, उघडतं. आतलं कॅल्शियम सुटतं, स्नायू आवळतो. ते परत आत भरलं की सैलावतो. हिचं दारच ढिलं. स्वस्थ बसली असताना ते तग धरतं, म्हणून साधा ईसीजी स्वच्छ. पळताना किंवा घाबरल्यावर ॲड्रिनॅलिन वाढतं, कोठार ठासून भरतं आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत कॅल्शियम झिरपतं. ते बाहेर टाकताना पेशी एका कॅल्शियममागे तीन सोडियम आत घेते. त्या जादा विद्युतभारानं न मागितलेला ठोका पडतो. रक्ताच्या तपासणीत यातलं काहीही दिसत नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीनं दार घट्ट होत नाही.

ॲड्रिनॅलिनचा हृदयावरचा जोर कमी करणारं औषध, नॅडोलॉल, सुरू केलं. एकही डोस चुकवायचा नाही आणि धावण्याच्या शर्यती बंद, हे तिला सांगताना माझा आवाज बसला.

"हे घरातल्या आणखी कुणाला असू शकतं?" आईनं विचारलं. बाहेर व्हरांड्यात मुलीचा धाकटा भाऊ पळत होता. मी उठून दार उघडलं आणि त्याला आत बोलावलं.