खाणीतली आगोट

मे महिन्यात सुट्टीवर आलो की नवी मुंबईतल्या आमच्या दिवाळे गावात घरोघरी एकच लगबग: आगोट भरायची. 1 जूनला मासेमारी बंद, 11 जूनच्या आसपास पाऊस. त्याआधी तांदूळ, मीठ, कांदे, सुके बोंबील, जवळा घरात यायलाच हवं. परवा गच्चीवर जवळा पसरताना आईने विचारलं, "तुमच्या खाणीत भरतात का रे आगोट?"

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीजवळच्या एका सोन्याच्या खाणीत स्टोअर्स सांभाळतो. पर्थपासून साधारण 600 किलोमीटर आत. कालगुर्लीला पाणीसुद्धा 1903 पासून पर्थजवळच्या धरणातून, 500 किलोमीटरहून लांब पाइपलाइनने, पंपांनी वर चढवत आणलं जातं. सोनं तेवढं तिथलं, बाकी बहुतेक सगळं बाहेरून यायचं: डिझेल, टायर, दगड दळायच्या गिरणीतले पोलादी गोळे, सायनाइड. सायनाइडच्या द्रावणात विरघळलेलं सोनं शोषून घेणारा कोळसा तर नारळाच्या करवंट्यांपासून बनतो. हे आईला कितीदा सांगितलं तरी खरं वाटत नाही.

2022 च्या जानेवारीत दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात धो धो पाऊस झाला आणि पूर्वेकडून पर्थला येणारा लोहमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. गाड्या तीन आठवड्यांहून जास्त बंद. त्यात कोविडमुळे राज्याची हद्दही बंदच होती, ती 3 मार्चला उघडली. पर्थच्या सुपरमार्केटांत मांडण्या रिकाम्या पडल्या.

त्याच दिवसांत आमच्या एका मोठ्या पंपाचं बेअरिंग गेलं. पंप बंद म्हणजे गिरणी बंद, आणि गिरणी बंद म्हणजे सोनं बंद. नवं बेअरिंग पूर्वेकडे कुठेतरी वाटेत अडकलेलं. आमच्या जुन्या स्टोअरकीपरने मागच्या रॅकच्या तळातून एक खोकं ओढून काढलं. वर्षभरापूर्वी कॉम्प्युटरने त्याच बेअरिंगला 'दीड वर्ष हललेलं नाही, काढून टाका' असा शेरा मारला होता. पडून राहिलेल्या मालात पैसा अडकतो, हा हिशोब काही चुकीचा नाही. पण म्हातारा वरिष्ठांशी भांडला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की वस्तूची किंमत बघू नका, ती नसेल तर किती दिवस हात बांधून बसावं लागेल ते बघा. त्या रात्री पंप चालू झाला.

तेव्हापासून मी यादी त्याच्या पद्धतीने लावतो. कुठली वस्तू एकाच ठिकाणी बनते, कुठली एकाच रस्त्याने येते, त्यांच्यापुढे लाल खूण. बाकीच्यांचा साठा मी बिनधास्त कमी करतो.

आणि नुसतं भरून ठेवून भागत नाही. रबर कडक होतं. राखीव मोटर महिनोन्महिने एकाच स्थितीत पडली तर आतल्या बेअरिंगवर वण उठतात, म्हणून दर महिन्याला तिचा शाफ्ट हाताने फिरवून खडूने तारीख लिहायची. मी हे सांगत असताना आई जवळ्यातून बोटं फिरवत होती, खालचा ओलसर थर वर आणत.

"मग तेच तर," ती म्हणाली आणि मला गच्चीची दुसरी बाजू दाखवली. तिकडचे बोंबील अजून उलटायचे होते.