चौदा कोटी दाखवा

कोकणातल्या लोटे इथल्या औद्योगिक वसाहतीत डाय इंटरमीजिएट, म्हणजे रंग तयार करायला लागणारी कच्ची रसायनं, बनवणाऱ्या एका घरच्या कंपनीचे हिशोब मी अकरा वर्षं सांभाळले. मालक तीन भाऊ. थोरले गेल्यावर त्यांच्या जागी त्यांची पत्नी संचालक झाली. चिपळूणला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना बाईच म्हणत.

ऑगस्ट 2023 ची बैठक. ताळेबंदावर सह्या व्हायच्या होत्या. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि एका आकड्याखाली पेन्सिलीची रेघ ओढली. "रिझर्व्ह अँड सरप्लस, 14 कोटी 20 लाख. आणि लाभांश शून्य?"

"बँकेत 31 लाख आहेत, बाई," मी म्हटलं.

"मग बाकीचे गेले कुठे?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. राखीव नफा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तिजोरी येते. खरं तर तो आकडा सांगतो एवढंच, की मालकांनी इतक्या वर्षांत किती नफा घरी नेला नाही. पैसा ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला, कशाकशाच्या रूपात बसलेला असतो. लाभांश जाहीर केला, तर कायद्याने पाच दिवसांत तेवढी रोकड वेगळ्या बँक खात्यात भरावी लागते. पोती आणि टाक्या भरून चालत नाही. हे सगळं मी बोललो.

"दाखवा," बाई म्हणाल्या. मी फाईलचं पान उलटलं, तर त्यांनी छत्री उचललेली.

पाहुण्यांसाठीचे सेफ्टी शूज त्यांना दोन नंबरांनी मोठे होते. फटक फटक करत त्या माझ्यामागून प्लँटमध्ये आल्या. आधी सांडपाण्याचा प्लँट. यातून एक रुपयाची विक्री होत नाही, पण हा बंद तर कारखाना बंद, हे त्यांना लगेच पटलं. मग ग्लास लाइन्ड रिॲक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या टाक्या. आम्लाच्या प्रक्रियेला साधं स्टेनलेस स्टील टिकत नाही, म्हणून आतून काचेचा थर. नेमका एक रिकामा करून, धुऊन तपासणीसाठी उघडा ठेवला होता. मेंटेनन्सच्या माणसाने बॅटरी मारली. आत गडद निळी काच चकाकत होती आणि तळाशी रुपयाएवढी करडी टिकली.

"हे काय?"

"तिथे काच उडाली होती. टँटलमचा प्लग बसवलाय. या धातूला आम्ल खात नाही."

बाई बराच वेळ आत बघत राहिल्या. मला वाटलं, सुटलो. चौदा कोटी त्यांना दिसले.

परतताना पाऊस वाढला म्हणून आम्ही गोदामाच्या पत्र्याखाली थांबलो. तिथे, अगदी भिंतीला, ताडपत्री टाकलेली थप्पी. बाईंनी कोपरा उचलला, पोत्यावरचं लेबल वाचलं. बॅच एप्रिल 2022.

"वर्षाहून जास्त झालं. हा माल का गेला नाही?"

स्टोअरकीपर माझ्याकडे बघू लागला. माल गेला होता, परत आला होता. शेड गडद आली म्हणून ग्राहकाने 22 टन नाकारले. "दुसरं गिऱ्हाईक मिळेल" असं धाकटे मालक म्हणत राहिले आणि मीही तो 410 रुपये किलोने, उत्पादनखर्चाला, साठ्यात धरत राहिलो. नियम मला पाठ होता: खर्च किंवा विकून हाती येणारी किंमत, यांतली कमी ती. ऑडिटरने विचारलं तेव्हा मी "ऑर्डरची बोलणी चालू आहेत" असं लिहून दिलं होतं. बोलणी चालू होतीही. 150 रुपयांनी.

"हासुद्धा त्या चौदा कोटींत आहे का?" बाईंनी विचारलं.

"आहे."

त्यांनी ताडपत्री होती तशी नीट ओढली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. संध्याकाळी मी त्या 22 टनांची किंमत किलोला 410 वरून 150 वर आणली, 57 लाख 20 हजारांच्या तोट्याची नोंद घातली. वर्षाचा करपूर्व नफा 83 लाखांवरून 25 लाख 80 हजारांवर आला. ऑडिटरला फोन करून कागद बदलायचे आहेत म्हणून सांगितलं. धाकटे मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बँकेला काय सांगायचं, ही त्यांची काळजी, आणि ती खोटी नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाई सहीला आल्या. नवा आकडा पाहिला, पेन काढलं आणि मध्येच थांबल्या.

"त्या टाकीतल्या टिकलीचा खर्च कुठे धरलाय?"

"दुरुस्तीत, बाई. त्याच वर्षाच्या खर्चात."

"हं, ते बरोबर," म्हणत त्यांनी सही केली.