ढग होते

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा मी नुकताच कामावरून घरी आलो होतो. ‘सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी दोन-तीन पानांत लिहून पाठवा.’ हातपाय न धुताच मी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात माझी चौथीची वही आहे हे मला ठाऊक होतं. शाळेविषयी लिहायचं तर मोठ्या सरांची शिस्त, स्नेहसंमेलनं, शिष्यवृत्तीचे निकाल हे सगळं यायला हवं. ते बाकीचे लिहितीलच. माझ्या हातून चौथी ‘ब’च्या बाईंशिवाय दुसरं काही लिहून होणार नाही. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शाळेत ‘सावलीच्या बाई’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

पाऊस ओसरून आभाळ धुतल्यासारखं निळं झालं की बाईंचा वर्ग चार भिंतींत मावायचा नाही. बाकीच्या वर्गांत पहिल्या सत्राची उजळणी सुरू असायची, आणि आम्ही झेंड्याच्या खांबापाशी मातीत बसलेलो असायचो. खांबाजवळच्या मोकळ्या जागेत बाईंनी एक काठी रोवून घेतली होती. जमिनीच्या वर बरोबर 1 मीटर. ती सरळ आहे की नाही हे बघायला दोऱ्याला दगड बांधून आम्हीच ओळंबा केला होता. एकानं ओळंबा धरायचा, दुसऱ्यानं काठी हलवायची, आणि बाकीच्यांनी चारही बाजूंनी डोळा लावून ‘अजून थोडी, अजून थोडी’ म्हणायचं. त्यातच अख्खा तास गेला होता. बाईंना कसलीच घाई नव्हती.

1988च्या सप्टेंबरमधल्या दर शुक्रवारी दुपारी सावली मोजायची, असं ठरलं. सावलीच्या टोकावर दर दहा मिनिटांनी खडा ठेवायचा. ती आखूड होत होत जाते आणि मग पुन्हा लांबायला लागते. सगळ्यांत आखूड सावलीचं माप पट्टीनं घ्यायचं आणि वहीतल्या चौकटीत लिहायचं. ती सावली बरोबर उत्तरेकडे बोट दाखवते, आणि तेव्हा घड्याळात बारा वाजून गेलेले असतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते आम्ही पाहिलं. सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा वेगळे असतात हे कळल्यावर मी कितीतरी दिवस घरातल्या घड्याळाकडे संशयानं बघत होतो.

2 सप्टेंबरला सावली भरली 18 सेंटीमीटर. 9 तारखेला साडेबावीस. वर्गाच्या मागच्या भिंतीवर तक्ता लावलेला होता. खाली तारखा, उभ्या बाजूला सेंटीमीटर. दर आठवड्याला एका रांगेनं मोजायचं आणि तक्त्यावर लाल ठिपका द्यायचा.

16 तारखेची पाळी आमच्या रांगेची होती. पट्टी माझ्या हातात होती. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. बारा वाजले, साडेबारा वाजले, एक वाजला. सावली पडलीच नाही. रांगेतले बाकीचे चौघं डबा खायला निघून गेले. मी काठीपाशी एकटाच बसून राहिलो होतो. मला ती रिकामी चौकट सहन होत नव्हती. आधीच्या दोन्ही रांगांचे ठिपके तक्त्यावर होते आणि आमच्या जागी काहीच नसणार होतं. मी हिशेब केला. आठवड्यात साडेचार सेंटीमीटर वाढली, म्हणजे आज 27. वहीत 27 लिहिलं, वर्गात जाऊन तक्त्यावर लाल ठिपका दिला. तो आधीच्या दोन ठिपक्यांच्या रेषेत इतका बरोबर बसला की मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

दुपारच्या तासाला बाई तक्त्यापाशी गेल्या. ठिपक्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं. आवाज न चढवता विचारलं, “कोणी मोजली?” मी उभा राहिलो. कान गरम झाले होते. बाईंनी मला तक्त्यापाशी बोलावलं.

“27 कसे आले?”

मी हिशेब सांगितला. खोटं बोलायचं धाडस त्यांच्यासमोर कुणालाच नव्हतं.

“हिशेब चांगला केलास,” बाई म्हणाल्या. “आकडा बरोबरही असेल. पण तू तो पाहिलास का?”

“नाही, बाई.”

“मग काय पाहिलंस?”

मला उत्तर सुचेना. त्या थांबून राहिल्या. सगळा वर्ग बघत होता. शेवटी मी म्हणालो, “ढग होते, बाई.”

“मग तेच लिही.”

त्यांनी आपला खोडरबर माझ्या हातात दिला. मी 27 खोडलं आणि त्या चौकटीत लिहिलं, ‘ढग होते’. तक्त्यावरचा ठिपका लाल शाईचा होता, तो खोडला जाईना. बाईंनी त्यावर पांढऱ्या कागदाचा छोटा चौकोन चिकटवला आणि त्यावरही माझ्याकडूनच लिहून घेतलं. छडी नाही, बाकावर उभं करणं नाही, घरी चिठ्ठी नाही. पुढच्या तासाला मला फळा पुसायला सांगितलं, रोजच्यासारखं. मला तर तेव्हा भर वर्गात रडू कोसळण्याच्या बेतात होतं. त्या ‘रोजच्यासारखं’नं मला सावरलं, हे बाईंना मी कधी सांगू शकलो नाही.

पुढचा शुक्रवार 23 सप्टेंबरचा होता, म्हणजे विषुवदिन. त्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि आम्ही सकाळी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला खडे ठेवले. संध्याकाळी बाईंनी सुतळी आणली. एका टोकाला एक मुलगी, दुसऱ्या टोकाला मी. सुतळी ताणली आणि सगळेच्या सगळे खडे तिच्याखाली आले. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एक सरळ रेघ. इतर दिवशी हीच रेघ वाकडी जाते, वर्षातल्या फक्त दोन दिवशी अशी सुतळीसारखी सरळ पडते. हातातली सुतळी ताठ ओढलेली, पायाशी तापलेली माती आणि बाई कमरेवर हात ठेवून नुसत्या हसताहेत, हे चित्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे.

दुपारची सगळ्यांत आखूड सावली साडेबत्तीस सेंटीमीटर भरली. बाईंनी चौकटीच्या कागदावर काठी आणि सावलीचा लहान त्रिकोण काढायला लावला आणि काठीच्या टोकाशी कोनमापक ठेवायला सांगितला. 18 अंश. मग नकाशाची वही उघडून आपण आहोत तिथून जाणाऱ्या अक्षवृत्ताचा आकडा वाचायला सांगितला. तोही 18! जगात कुठंही काठी रोवा, विषुवदिनी ती तुम्हाला तुमच्या जागेचं अक्षांश सांगते. नऊ वर्षांच्या मुलांना एका काठीनं पृथ्वीवरचा पत्ता काढून दाखवणारी शिक्षिका मी त्यानंतर पाहिली नाही.

पुस्तकात होतं, ‘23 सप्टेंबरला दिवस आणि रात्र समान असतात.’ बाईंनी सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा फळ्यावर लिहून वजाबाकी करायला लावली. दिवस 12 तासांपेक्षा 6-7 मिनिटांनी मोठा निघाला. पुस्तक चुकलं का, असं आम्ही विचारलं. बाईंनी टेबलावर एक खोल वाटी ठेवली, तळाशी नाणं टाकलं आणि आम्हाला एकेकाला मागं सरकवत नेलं, नाणं काठाआड दिसेनासं होईपर्यंत. “तिथंच थांब, हलू नकोस.” मग त्यांनी वाटीत हळूहळू पाणी ओतलं आणि नाणं वर उचलल्यासारखं पुन्हा दिसायला लागलं. हवाही उजेड असाच वाकवते. सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो तरी आपल्याला तो दिसत राहतो. त्यात सूर्याचं वरचं टोक दिसलं की उगवला आणि वरचं टोक बुडालं की मावळला, असं आपण मोजतो. दोन्ही मिळून ती 6-7 मिनिटं. दिवस-रात्र खरोखर समान होतात ते त्यानंतर काही दिवसांनी. मावळतीच्या सूर्याकडे मी आजही बघतो तेव्हा मला ते नाणंच आठवतं.

मोज्यांचा तास आठवणारेही पुष्कळ असतील. घरून जुने, फाटके, शक्यतो लोकरीचे मोजे आणायचे, ते बुटांवरून चढवायचे आणि पाण्याच्या टाकीमागच्या गुडघाभर गवतातून एक फेरी मारायची. गवताला बी धरलेलं असायचं. परत येईपर्यंत मोजे कुसळांनी, आघाड्याच्या बोंडांनी भरून जायचे. मग भिंग घेऊन एकेक बी वेगळं करायचं. कुणाला आकडा आहे, कुणाला केसांचा झुबका, कुणाला नुसताच काटा. उरलेले मोजे ओल्या मातीच्या ट्रेमध्ये पसरून ठेवले की आठवड्याभरात त्यांतून हिरवे कोंब वर यायचे. स्वित्झर्लंडमधले अभियंते जॉर्ज द मेस्त्राल 1941 साली फिरून आले तेव्हा त्यांच्या कुत्र्याच्या अंगाला अशीच बोंडं चिकटली होती. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरताना त्यांना वेल्क्रोची कल्पना सुचली. हे मी मोठेपणी वाचलं. माझ्या मुलीच्या बुटाचा पट्टा ‘चर्र’ करून उघडतो तेव्हा मी तिला टाकीमागच्या गवताची गोष्ट सांगतो.

आता थोडं माझ्याविषयी. गेली 23 वर्षं मी पाऊस आणि नदीची पातळी मोजण्याच्या कामात आहे. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी 8:30 वाजता मोजायचं आणि नोंदवहीत लिहायचं, एवढंच काम दिसायला. नव्यानं आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. पाऊस पडला नसेल तर ‘0’ लिहायचं. पाऊस मोजता आला नसेल तर ‘मोजला नाही’ लिहायचं आणि कारण लिहायचं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रस्ता पाण्याखाली गेला, माणूस पोचू शकला नाही, आणि ती चौकट कुणी अंदाजानं भरली, तर नेमकं महापुराच्या दिवसाचंच माप खोटं ठरतं. पुढं पूल बांधणारा आणि पूररेषा आखणारा त्याच मापावर भरवसा ठेवतो. जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवण्याचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. ओळीनं सात-सात दिवस एकाच चढानं वाढत गेलेले, रेषेत बसणारे आकडे दिसले की माझा हात थांबायचा. तसा आकडा मी स्वतः एकदा लिहिला होता. त्या कामाबद्दल मला गौरवपत्र मिळालं तेव्हा ते घेऊन मी आधी बाईंकडे जायला हवं होतं. मी ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणत राहिलो. बाई त्या वर्षीच्या पावसाळ्यात गेल्या.

महोत्सवाच्या बैठकीसाठी मी परवा शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे, प्रत्येक वर्गात पडदा आहे, मुलं त्यावर पृथ्वी फिरताना बघतात. मला ते आवडलं. पण अंगणात सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि टाकीमागं गवताऐवजी वाहनतळ झालाय. खांबाजवळ काठी रोवायला वीतभरही माती उरली नाही. मी तिथं बराच वेळ उभा होतो. संचालक मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे, खांबाच्या उत्तरेकडचे चार-पाच ब्लॉक काढून तेवढी माती मोकळी करा. काठी, दोरा आणि दगड मी घेऊन येतो. 23 सप्टेंबरला रजा टाकून दिवसभर मुलांबरोबर बसायलाही येतो.

जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनासाठी मी माझी चौथीची वही या लिखाणासोबत पाठवत आहे. पानं सुटी झाली आहेत, कृपया सांभाळून हाताळावी. काचेखाली एकच पान उघडं ठेवता येणार असेल तर सावलीच्या नोंदींचं ठेवावं. वरून तिसऱ्या चौकटीत ‘ढग होते’ लिहिलंय. उजेड तिरपा पडला तर त्या अक्षरांखाली खोडलेलं 27 अजून दिसतं.