एक बोर शिल्लक

मेस्त्र्याकडे होडीच्या मशीनचं विचारायला गेलो, तर तो माझंच विचारून बसला. "गुरुजी, अजून किती वर्सां जातलात पाण्यात? तां सांगा, मगे मी मशीनचा सांगतंय." हातातला पाना खाली न ठेवता, सहज. मी हसून "बघू" म्हटलं आणि घरी आलो. आता साडेदहा वाजून गेलेत, कौलांवर पाऊस धरून बसलाय, हिची झोप लागलीय, आणि मी त्या प्रश्नाशी अजून भांडतोय. त्याच्याशी भांडायला हवं होतं, तेव्हा हसलो.

मशीनला काय झालंय त्यात गूढ काही नाही. मासेमारीची पावसाळी बंदी लागायच्या आधी, मे संपता संपता, कर्लीची खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडून ओहोटीच्या पाण्याविरुद्ध येत होतो. थ्रॉटल पुरता दिला तरी होडी पुढची नाळ उचलेना. मागे वळून पाहिलं तर मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक झालेली. ती धार नीट पडत असली की निम्मी काळजी नसते. त्या दिवशी ती थुंकत होती. कसाबसा किनाऱ्याला लागलो. मग १ जून ते ३१ जुलै होडी झापांखाली आणि मशीन पडवीत स्टँडवर. जाता-येता तिच्याकडे बघायचं आणि पुढे जायचं, असे दोन महिने काढले. बंदी उठून आठवडा झाला, नारळी पौर्णिमा तोंडावर आली, तेव्हा कुठे मेस्त्र्याला मुहूर्त मिळाला.

हेड उघडताना मी शेजारीच उभा होतो. एक बोल्ट काही केल्या हलेना. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारं पाणी, की सांध्यात पांढरी भुकटी साठते आणि दोन्ही धातू एकमेकांना सोडत नाहीत. जोर केला की बोल्टाचं डोकं हातात आणि धड ब्लॉकमध्ये. मेस्त्र्याने जोर केलाच नाही. गॅसची ज्योत फिरवली, हातोडीने हलकेच ठोकलं, अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, परत ज्योत. चहा निवला तरी त्याचं चाललंच होतं. शेवटी बोल्ट कुरकुरत बाहेर आला. मुलांना शिकवताना मला एवढा धीर असता तर, असं आलं मनात. ते जाऊ दे.

वरचा सिलिंडर आरशासारखा. खालच्यात उभे ओरखडे. माझं बोट धरून त्याने आत नेलं, म्हणाला, "नख लावा." नख अडकलं. नख अडकतंय म्हणजे नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, सिलिंडर बोर करायलाच हवा, म्हणजे आतून किंचित मोठा कोरून त्यात मोठा पिस्टन बसवायचा. हेड उघडण्याआधी त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं होतं, वरचं एकशे दहा, खालचं जेमतेम सत्तर. दोन्हींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा म्हणतात. कारणही सापडलं. खालच्या पंपात पाणी वर ढकलणाऱ्या रबरी इम्पेलरची दोन पाती तुटली होती, त्यांतला एक तुकडा पाण्याच्या वाटेत जाऊन बसला होता, उरलेली वाट मिठाने अरुंद केलेली. दर खेपेनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन चालवतो, तरी मिठाला जिथे जायचं तिथे ते जातंच. खालच्या गिअरचं तेल मात्र काळं पण स्वच्छ निघालं, दुधाळ नाही. म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, तिथले सील शाबूत, पंख्याकडून तक्रार नाही.

"मशीन मेलां नाय, दमलां हा," मेस्त्री म्हणाला. "पैलो बोर आदीच झालो हा. आता अर्ध्या मिलीमीटरान मोठो पिस्टन. एक बोर शिल्लक आसा, मगे संपलो."

आणि मग तो प्रश्न.

(इथे एक उपमा हात जोडून पुढे उभी आहे. मी ती घेणार नाही. नोकरी सुटल्यापासून निबंध तपासणं बंद केलंय.)

संध्याकाळी वही घेऊन बसलो. दुरुस्ती म्हणजे दोन पिस्टन, रिंगा, क्रँकचे सील आणि बेअरिंगं, गॅस्केट, इम्पेलर, ब्लॉक कुडाळला नेऊन बोर करायचा, वर मेस्त्र्याची मजुरी. तीस-पस्तीस हजार. नवी टू-स्ट्रोक घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे, फोर-स्ट्रोक त्याहून वर. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पिते, लिटरला वीस मिली तेल मोजून मिसळायची कटकट नाही, आवाज कमी. सगळं मान्य. मग दरवर्षी काय पडतं ते काढायला गेलो. दोन लाख भागिले तीन, सदुसष्ट हजार. दोन लाख भागिले दहा, वीस हजार. गणित तिसरीतलं आहे. अंश ठाऊक आहे, छेदात काय लिहायचं एवढंच अडलंय. आणि ते वहीत कुठेच मिळत नाही, ते मेस्त्र्याने मलाच विचारलं होतं.

छेदात पाच लिहिलं. खोडलं. आठ लिहिलं, मग आठ जास्तच धिटाई वाटली म्हणून सात केलं. स्वतःशीच घासाघीस. बाजारात सुरमईला करतो तशी नव्हे, तिथे निदान समोरची बाई ऐकवते.

फोनवर धाकटा म्हणाला, "बाबा, तुम्हाला झेपेल ते करा. नाहीतर राहू दे ना आता." शेवटचं 'आता' कशाला जोडायचं? त्याच्या मनात वाईट काही नाही, मला माहीत आहे. पण कुणी म्हणालं नाही की नवी घ्या बाबा, पुढे आम्ही चालवू. म्हणावं अशी अपेक्षाही नाही. पुण्यात खाडी नाही. हिला विचारलं तर हिने भाजी चिरता चिरता सांगितलं, "मागे गुडघ्याच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवा." आठवलं. बोलणं तिथेच राहिलं. म्हणजे मशीनबद्दल विचारावं तर जो तो माझ्याकडेच बघतो. कुणी गुडघ्याकडे, कुणी खांद्याकडे. तिकडे मेस्त्र्याकडे मशीन हेड उघडं टाकून पडलंय, त्याची विचारपूस कुणी करत नाही, आणि माझी चाललीय ती ही अशी. जेवताना बांगडा होता. बाजारातला. खाल्ला.

जेवणानंतर शेजारचा पोरगा पेट्रोलची पाइप मागायला आला. त्याच्या डॉल्फिन दाखवायच्या होडीची पाइप बल्बपाशी फुटलीय. मी उगाच विचारलं, गेल्या वर्षी तुझी मशीन ह्याच मेस्त्र्याने केली ना? हो म्हणाला. मग स्वतःच हसायला लागला. "माका इचारल्यान, किती वर्सां चालवतलंस? मी सांगितलंय, लगीन होय पर्यंत. मगे त्येना लोकल किट घातल्यान."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. सव्वीस वर्षांचा असेल. त्यालाही तोच प्रश्न!

म्हणजे प्रश्न किटचा होता. ओरिजिनल पिस्टन घालायचा की लोकल, एवढंच मेस्त्र्याला ठरवायचं होतं. तो येईल त्याला हेच विचारतो. मी दुपारपासून जे काय उगाळत बसलो होतो त्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं, आणि थोडी निराशाही झाली. माझ्या वयाचा एवढा खोल विचार कुणी केलाच नव्हता तर.

तरी छेदाचं काम उरलंच. मग मी उलट बाजूने विचार केला. किती वर्षं जाणार ते सोडून, जातो कुठे? संगमाबाहेर शेवटचा कधी गेलो ते आठवायला वेळ लागला. बाहेर जायचं नाही असं मी कधी ठरवलेलं नाही. आज वारा आहे, आज लाट उभी आहे, आज सोबत नाही, असं करत करत ते सुटलं. आता जातो ते कर्लीच्या खाडीत. पहाटे जाळं सोडायचं, दोन-चार पालू, नशीब असेल तर तांबोशी, आणि उन्हं चढायच्या आत परत. त्याला पंधरा हॉर्सपॉवर जास्तच झाली. खाडीत अर्ध्या थ्रॉटलच्या वर जायची वेळ येत नाही, आणि अर्ध्या थ्रॉटलवर दुसरा बोरही बरीच वर्षं काढेल. जुनी छत्तीस किलोची आहे, खांद्यावर घेऊन अजून पडवीपर्यंत येतो. फोर-स्ट्रोक पन्नासच्या वर. ती उचलायला दुसरा माणूस हवा, आणि त्या माणसासाठी रोज सकाळी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. पेट्रोल वाचेल, पण चहाला किती जाईल.

नऊ-नऊची, म्हणजे ९.९ हॉर्सपॉवरची, नवी, लहान घ्यावी असाही विचार आला. पण नव्या मशीनची काळजी घ्यायची मला हौस उरलेली नाही. ह्या जुनीच्या खोड्या तरी पाठ आहेत. थंडीत चोक ओढून तिसऱ्या दोरीला सुरू होते, चौथी ओढायला लावली तर प्लग काढून बघायचा.

आत्ताच मेस्त्र्याला फोन केला. जागा होता, कुणाचं तरी मशीन चालूच होतं मागे. म्हटलं, बोर कर, ओरिजिनल किट घाल, वरच्यालाही नवा पिस्टन टाक. "मगे वर्सां?" त्याने विचारलंच. मी विचारलं, तू किती वर्षांची गॅरंटी देतोस? तो म्हणाला, "गॅरंटी खयची गुरुजी, ब्लॉक सोमवारी कुडाळाक जातलो, आडवान्स धाडा."

मशीन आली की पहिले दहा तास पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल घालायचं आणि पुरता थ्रॉटल द्यायचा नाही, पिस्टन बसेपर्यंत. म्हणजे चतुर्थीला पोरं आली की होडी पळवायला मागतील, तेव्हा सांगायला कारण तयार आहे. हिला आकडा अजून सांगितलेला नाही. तीस म्हणावं की पस्तीस, ते उद्या चहा झाल्यावर बघू.