तुम्ही विचारलंत म्हणून: नाटकाच्या संस्थेला नक्की कमी काय पडतं?

मी बेळगावातल्या एका नाटकाच्या संस्थेचा कार्यवाह. प्रयोग संपला की मेकअप पुसता पुसताच कोणीतरी आत येऊन विचारतंच, "सर, एवढं सगळं करताय, पैशाची अडचण असेल ना?" आजवर मी "होय की, आहेच" एवढंच म्हणत आलो. पण परवा शहापूरचे एक काका विचारून तिथंच उभे राहिले, त्यांना खरंच ऐकायचं होतं. तेव्हा गडबडीत सांगता आलं नाही ते आता लिहितो.

पैसा कमी पडतो. पण नाटकाला नाही पडत, हे कोणाला खरं वाटत नाही. नेपथ्याला कोणीतरी देतं, ट्रॉफीला देतं, तिकिटाच्या मागच्या जाहिरातीला तर दोन दुकानं फिरलं की होतंय, कारण देणाऱ्याचं नाव दिसतं. तालमीच्या खोलीचं भाडं, लाईट बिल, ऑडिटची फी, याला मात्र पावती फाडायला कोणी तयार नसतो, आणि संस्था जगते ती त्यावरच. त्यात आमच्या भागातला माणूस रोख देतो, पाच हजार हातात ठेवतो आणि म्हणतो ८० जी ची, म्हणजे इन्कमटॅक्समध्ये सूट मिळणारी पावती द्या, मग त्याला सांगावं लागतं की २,००० च्या वर रोख असेल तर तुम्हाला सूट मिळत नाही, चेक द्या, आणि चेक काय येत नाही. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला ठराविक भाग समाजाच्या कामाला द्यायचा त्याचं, पण सगळे सुचवतात. कायद्यात कला-संस्कृती आहे, मान्य, पण तो नियम वर्षाला ५ कोटी नफा किंवा १,००० कोटींची उलाढाल असल्या कंपन्यांना. उद्यमबागेतले आमच्या ओळखीचे फौंड्रीवाले त्याच्या जवळपासही नाहीत, ते देतात ते प्रेमापोटी. तिकीट ५०० पर्यंत असलं तर नाटकाला जीएसटी नाही, तेवढा एक ताप नाही.

पण काका, खरी अडचण मला कळली ती दवाखान्यात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी माझी अँजिओप्लास्टी झाली. देणग्यांची माहिती ३१ मे च्या आत इन्कमटॅक्सला भरायची असते, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये दंड. पासवर्ड माझ्या डोक्यात, ओटीपी माझ्या मोबाईलवर, बँकेची सही माझी, आणि मी आयसीयूत. बायको बाहेर बाकड्यावर बसून खजिनदाराला फोनवर आकडे वाचून दाखवत होती. कमिटीत अकरा जण आहेत, सगळे जीवाला जीव देणारे, पण संस्था नोंदणीच्या रजिस्ट्रारकडं दरवर्षी कुठला कागद जातो ते एकालाही माहीत नव्हतं. यात त्यांची चूक नाही. मीच कधी कोणाला शिकवलं नाही. माझ्या आधीच्या कार्यवाहांनी पण तेच केलं होतं, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि त्यालाच आम्ही निष्ठा म्हणत आलो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. १८८० ला पुण्यात शाकुंतल हे संगीत नाटक आणलं आणि १८८५ ला गेले सुद्धा. पाच वर्षं फक्त! पण त्यांची नाटक कंपनी थांबली नाही, बालगंधर्व त्या कंपनीत आले ते १९०५ ला, म्हणजे मालक जाऊन वीस वर्षं झाल्यावर. मी परवापरवापर्यंत हे नाटकाचा इतिहास म्हणून सांगायचो. आता मला त्यात एवढंच दिसतं की कोणीतरी हिशोबाची वही उचलली असणार.

आमच्याकडं ती वही उचलायला जी पुढं आली ती मुलगी वडगावची, घरात मराठी, शाळा कन्नड मीडियम. आधी पण एकदा म्हणाली होती, "सर, ऑफिसचं मी बघू काय?" आणि मी म्हटलं होतं तू आपला रोल कर. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आमची पोरं पुण्याला, बेंगळूरला जातात म्हणून आम्ही रडत बसतो आणि जी इथं राहिलीय तिला रोल देऊन बसवतो. कमिटीत दोघं-तिघं बोलले, मराठी संस्थेची कार्यवाह कन्नड शाळेत शिकलेली कशी चालेल म्हणून. मी त्यांना नोटीस वाचायला दिली, कन्नडमधली. वाचता आली नाही. मला पण येत नाही, इतकी वर्षं दुसऱ्याकडून वाचून घेत आलोय. सीमाभागात मराठी नाटक टिकवायचं तर कन्नड कागद वाचणारं माणूस घरचंच पाहिजे, यात मला आता कसलीच शंका नाही.

तिनं आल्या आल्या पासवर्ड एका वहीत उतरवले, बँकेत दुसरी सही घातली. मग मला विचारलं, "सर, नाटकाच्या बजेटमध्ये तालमीच्या खोलीचं भाडं का नसतंय? तालीम नाटकाचीच की." माझ्याकडं उत्तर नव्हतं. यंदाच्या नाटकाचं बजेट तिनंच केलं, त्यात नेपथ्याच्या खाली भाडं आहे, लाईट आहे, ऑडिट पण आहे. तो कागद घेऊन आम्ही दोघं टिळकवाडीतल्या आमच्या जुन्या देणगीदाराकडं गेलो, त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, भाडं एवढंच काय, मला वाटलं जास्त असेल. चेक तिच्या हातात दिला.